परराज्यातलं घर

कल्लाप्पा आण्णांचं गडहिंग्लजला स्वतःचं घर आहे. तीन खोल्या, पुढं बसायला कट्टा, मागं शेवग्याचं झाड. त्या घराला लागून हौसामावशींचं घर आहे, आणि त्या घरातली एक खोली भाड्यानं घेऊन आण्णा आणि त्यांची बायको, आमच्या आक्का, राहतात.

हे वाक्य लोंढ्याच्या रेल्वे कॉलनीत मी जेव्हा जेव्हा सांगितलं, तेव्हा मला ते पुन्हा सांगायला लावलं गेलं. म्हणून इथंही सांगतो. घर आण्णांचं. त्यात भाडेकरू राहतात. आणि आण्णा शेजारी भाडेकरू म्हणून राहतात. महिन्याच्या सुरुवातीला एका दारातून भाडं घेतात आणि दुसऱ्या दारात नेऊन देतात.

"ही कसली तऱ्हा, आण्णा?" असं मी विचारलं.

"क्रॉसिंग हाय रं," ते म्हणाले. "एक गाडी येती, एक जाती. स्टेशन जाग्यावर."

आण्णा लोंढा जंक्शनवर पार्सल क्लार्क होते. माझे वडील तिथंच पॉइंट्समन, त्यामुळे आमची क्वार्टर्स एका भिंतीची. आयुष्यभर पार्सलं हाताळून आण्णांना एक सवय लागली होती. कुठलीही वस्तू हातात आली की ती कानाजवळ नेऊन हलवायची आणि आत काही फुटलंय का ते ऐकायचं. नारळ, औषधाची बाटली, लग्नात आलेला आहेर, सगळं. माझ्या धाकट्या बहिणीला पाळण्यात घातलं त्या दिवशी त्यांनी तिलाही उचललं आणि कानाशी नेलं. आई घाबरली. आण्णा म्हणाले, "माल ठीक हाय."

त्यांचं सगळं बोलणं रेल्वेचं. काम जमलं की "लाईन क्लियर". फिसकटलं की "लाईन क्लियर न्हाय". एखादा माणूस फार बोलायला लागला की "ही मालगाडी हाय, जाऊ दे". ही तिसरी पदवी त्यांनी बहुतेक वेळा मला दिली.

कारण मी बोलायचोच तसा. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. सीमाभागाची पत्रकं, कामगारांची पत्रकं, भाववाढीची पत्रकं. वडील ती गाडीतून गोळा करून आणायचे आणि आई त्यांत भाकरी बांधायची. मी अक्षरं त्यांच्यावर शिकलो. पुढं बेळगावात, वडगावच्या एका गल्लीत, दोन्ही बाजूंनी यंत्रमाग खडखडत असताना मधल्या छोट्या छापखान्यात मी नोकरीला लागलो आणि स्वतःच पत्रकं लिहायला लागलो. महाराष्ट्रात जायची आमची मागणी न्याय्य आहे आणि बसून खाणारा प्रत्येक माणूस शोषक आहे, या दोन गोष्टींबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती. आजही फारशी नाही.

तर अशा माझ्यापुढं एका संध्याकाळी आण्णांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "सुभाष, परराज्यात एक घर घ्यायचं म्हणतोय. भाड्यानं द्यायला."

एका वाक्यात त्यांनी माझी दोन्ही तत्त्वं दुखावली.

"पहिली गोष्ट," मी म्हणालो, "महाराष्ट्र आपल्याला परराज्य नाही. ते आपलंच राज्य आहे."

"बरं. सीमा हलली तर माझं घर आपल्या राज्यात. न्हाय हलली तर परराज्यात. भाडं दोन्हीकडनं येणार."

"दुसरी गोष्ट, घरभाडं म्हणजे दुसऱ्याच्या घामावर जगणं."

"मालगाडी हाय," आण्णा आतल्या दाराकडं बघून म्हणाले. "जाऊ दे."

आतून आक्का हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "क्वार्टर कधी सोडायची ते सांगितलासा का त्याला?"

तेव्हा मला खरी गोष्ट कळली. पुढच्या वर्षी आण्णा निवृत्त होणार होते. म्हणजे क्वार्टर खाली करायची. मूळ गावी त्यांच्या वाट्याला ना जमीन आली होती, ना भिंत. मूलबाळ नव्हतं. फंडाचे पैसे एकदाच मिळणार होते. त्यातून एकदाच घर घेता येणार होतं, आणि ज्या गावात ते घेतील त्याच गावात म्हातारपण काढायचं होतं. गाव चुकलं तर दुसरं गाव नव्हतं.

"मग बेळगावातच बघा की," मी म्हणालो.

"बेळगावात माझ्या पैशात उद्यमबागेच्या मागं गोठा येईल. त्यात म्हैस ठेवू का आक्काला?"

आण्णांचा विचार पक्का होता. घर स्वस्त मिळायला पाहिजे, गाव मात्र वाढतं पाहिजे. कॉलेज असावं, साखर कारखाना जवळ असावा, एस.टी. स्टँड असावा. म्हणजे मास्तर, नर्स, कारकून, कंडक्टर अशी बदलीची माणसं येत राहतात, खोल्या रिकाम्या राहत नाहीत आणि भाडं चालू राहतं. एवढं सगळं सीमेच्या पलीकडं त्यांच्या पैशात बसत होतं. मी मनात कितीही शोषक म्हटलं तरी हा हिशेब चुकीचा नव्हता.

"आक्का, तुम्ही येणार ना घरं बघायला?" मी विचारलं.

"तुमी बघा," आक्का म्हणाल्या. "मी लई बघितल्यात."

रेल्वे क्वार्टरमध्ये सगळा जन्म काढलेल्या बाईनं घरं कुठं आणि कधी बघितली, हे मला कळलं नाही. पण त्यांचा आवाज असा होता की मी पुढं विचारलं नाही.

मग आमचे रविवार सुरू झाले. मला नेण्याचं कारण आण्णांनी स्पष्ट सांगितलं होतं. "तू बोलत ऱ्हा. तू बोलतानं माणसं तुझ्याकडं बघत्यात. मला घर बघाय मिळतंय." दुसरं कारण निघताना कळलं. आण्णांनी एक वळकटी बांधली होती, ती त्यांच्या खांद्यावर. आणि पितळी टाकीचा एक स्टोव्ह होता, तो माझ्या हातात.

"घर विकत घ्यायला स्टोव्ह कशाला?"

"विकत घेणाऱ्याला गाव आपलं चांगलं कापड दाखवतंय रं. आपण भाडेकरू म्हणून जायाचं. खोली मागायची. मग अस्तर दिसतंय."

या पद्धतीला तोड नव्हती हे मी मान्य करतो. खोली मागितली की भाड्याचा दर कळायचा, पाणी किती वेळ येतं ते कळायचं, शेजारीण कशी भांडते तेही कळायचं. आण्णा भिंतीवर बोटानं टिचकी मारून कान लावायचे. एकदा एका मालकानं विचारलं, "काय ऐकताय?" आण्णा म्हणाले, "वाळवी." मालकानं त्याच जागी भाडं कमी केलं.

पहिल्यांदा आम्ही गोव्यात उतरलो, कारण पास होता आणि गाडी दारातनं जात होती. मी बजावलं की गोवा मात्र खरोखर परराज्य आहे. आण्णांनी तिथल्या भिंतीला हात लावला आणि ओला झालेला हात माझ्या शर्टाला पुसला. गोवा संपला. निपाणी स्वस्त वाटली, पण ती आमच्याच राज्यात, आणि तंबाखूच्या दिवसांत गेल्यामुळं आण्णा इतके शिंकले की खोलीबद्दल विचारायला मलाच तोंड उघडावं लागलं. इचलकरंजीला भाडेकरूंची कमी नव्हती, पण घरांच्या किमती आमच्या आधीच तिथं पोचल्या होत्या.

निपाणीवरनं बस पुढं निघाली आणि सीमा जवळ आली की आण्णा मुद्दाम मोठ्यानं कंडक्टरला विचारायचे, "परराज्य आलं का हो?" मग माझ्याकडं न बघता खिडकीतनं बाहेर बघत बसायचे. मी प्रत्येक वेळी चिडायचो. त्यासाठीच विचारायचे.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. चांगली, स्वस्त, कोरडी घरंसुद्धा आण्णा नाकारत होते. मालक हो म्हणायच्या बेतात असायचा, बोलणं रंगात आलेलं असायचं, आणि आण्णा एकदम वळकटी उचलायचे. "लाईन क्लियर न्हाय. चल." स्टोव्ह घेऊन मी मागं पळायचो.

मग ती पेठ आली. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या पेठेनं जे केलं ते सगळीकडंच झालं होतं. मला फक्त तिथं समजलं, एवढंच. घर उत्तम होतं. मालकीणबाई बोलक्या होत्या. पाणी दोन वेळ, संडास वेगळा, भाडं माफक. आण्णांनी टिचकी मारून कान लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. बाई म्हणाल्या, "सगळं ठरलंच म्हणायचं. आडनाव काय तुमचं?"

आण्णा उत्तर द्यायच्या आधी मी बोललो. बोलत राहण्याचंच काम मला दिलं होतं. मी माझंच आडनाव सांगून टाकलं, "पाटील. खानापूर तालुक्यातले."

"मग काय, घरचेच की," बाई म्हणाल्या. "या, चहा घेऊन जा."

मी आत पाऊल टाकलं. मागं वळून बघितलं तर आण्णा वळकटी घेऊन रस्त्यावर पोचले होते.

बसमध्ये आण्णा वळकटी मांडीवर घेऊन बसले. मी तापलो होतो. म्हणालो, "आण्णा, काय बिघडलं? खोली दिली होती तिनं."

"दिली की," आण्णा म्हणाले. "तुला दिली. मला कुठं दिली?"

आण्णांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती मी पाळण्यात असल्यापासून बघत होतो. आमच्या दोन घरांत मीठमिरची इकडून तिकडं जायची, सणाचं ताट जायचं. रेल्वेनं क्वार्टर देताना नंबर बघितला होता, आडनाव नाही. त्यामुळं क्वार्टरच्या बाहेर आण्णांना घर मागावं लागलं तर काय होईल, हे माझ्या एकाही पत्रकात आलं नव्हतं.

मग आण्णांनीच सांगितलं. खिडकीकडं बघत, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं. लग्न झाल्या झाल्या त्यांची बदली झाली होती. क्वार्टर खाली व्हायला वेळ होता, म्हणून खोली शोधायला दोघं निघाले. वळकटी आक्काच्या डोक्यावर, स्टोव्ह आण्णांच्या हातात. हाच स्टोव्ह.

"उन्हाचे दिवस. आक्का दारात पाणी मागायची. पाणी आणाय आत जायच्या आदी नाव इचारायचे. मग आत जायचे आणि भाईरच यायचे न्हाईत. शेवटी पार्सल हाफिसात झोपलो, आंब्याच्या पेट्यांमधी. तवा आक्का म्हणाली, पार्सलला तरी पोचायचा पत्ता असतोय."

वळकटीची दोरी आवळत ते म्हणाले, "त्या दिवसापासनं ती कुठलं घर बघाय येत न्हाय. म्हणून मी आदी भाडेकरू म्हणून जातोय. पैसे घेऊन गेलो तर कुणी बी घर इकंल. इकून झाल्यावर गल्ली कशी वागंल, ते कागदावर लिहून देत्यात व्हय?"

मी म्हणालो, "आण्णा, याच्यावर पत्रक काढू या. या गल्ल्यांची नावं छापू या. एकेकाला जाब विचारू या."

"काढ की. नक्की काढ," आण्णा म्हणाले. "खरं आदी स्टोव्ह सरळ धर. राकेल सांडूलालंय."

पत्रक मी काढलं. नंतर. पण त्या दिवशी माझी पँट रॉकेलनं भिजली होती आणि आण्णांच्या हाती घर नव्हतं, आणि क्वार्टर सोडायची वेळ जवळ येत होती.

गडहिंग्लजला आम्ही संकेश्वरमार्गे गेलो. मला बजावलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. स्टँडपासून जरा आत एका गल्लीत ताज्या चुन्याचं घर दिसलं. दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. त्या हौसामावशी.

"मावशी, खोली मिळंल का भाड्यानं?"

मावशींनी आधी आम्हाला बघितलं, मग वळकटी बघितली, मग माझ्या हातातला स्टोव्ह बघितला. आत गेल्या. आण्णांचा हात वळकटीकडं गेला. मावशी बाहेर आल्या तेव्हा हातात तांब्या होता.

"उन्हातनं आलाईसा. घ्या."

आण्णांनी तांब्या घेतला. प्यायले नाहीत. सवयीनं तो कानाजवळ नेऊन हलवला.

"प्या की. इख न्हाय त्यात," मावशी म्हणाल्या. "सैपाक स्टोव्हवर करतासा का चुलीवर?"

"स्टोव्हवर."

"नुसतं दाखवाय आणलाय का खरंच करतासा? मागला भाडेकरू असंच म्हणाला आणि चूल पेटवली. भिताडं काळी केली माझी. किती माणसं?"

"मी आणि आक्का. माझी बायको."

"आणि ह्यो?"

"ह्यो शेजारी. ह्यो ऱ्हाणार न्हाय."

"बरं झालं. रागीट दिसतंय."

मावशी विचारत राहिल्या. पहाटे रेडिओ लावता का? तंबाखू खाऊन कोपऱ्यात थुंकता का? नातेवाईक किती दिवस राहतात? आण्णा उत्तरं देत होते आणि मला दिसत होतं की ते त्या एका प्रश्नाची वाट बघतायत. घाम पुसत होते. प्रश्न येत नव्हता. शेवटी मावशी किल्ली आणायला उठल्या तेव्हा आण्णांनाच राहवलं नाही.

"मावशी, आडनाव इचारलं न्हाईसा."

"आडनावानं भाडं जास्त देणार हाईस का?"

"तसं न्हवं. आमी बौद्ध आहोत. नंतर कळाय नको."

मावशी थांबल्या. माझ्या डोक्यात एक आख्खं भाषण तयार होतं. मावशींनी कमरेची किल्ली सोडली आणि आण्णांच्या हातात ठेवली.

"व्हय, व्हय. खरं चूल पेटवायची न्हाय, ते आदी कबूल कर."

आण्णांनी कबूल केलं. आणि मग त्यांनी जे केलं त्याला मी वेडेपणा म्हणत होतो. घर विकत घ्यायला आलेला हा माणूस, तेवढंच सांगायला विसरला. की सांगवलं नाही. खिशातून आगाऊ भाडं काढून दिलं, खोलीला स्वतःचं कुलूप लावलं आणि भाडेकरू होऊन परत आला.

बसमध्ये मी म्हणालो, "आण्णा, आपण घर घ्यायला आलो होतो."

"व्हय की."

"मग?"

"खोली मिळाली रं," आण्णा म्हणाले, आणि सीमा येईपर्यंत हसत बसले. त्या दिवशी त्यांनी कंडक्टरला काही विचारलं नाही.

आक्का लगेच आल्या नाहीत. क्वार्टर सोडायच्या दिवशी आल्या, सामानाबरोबर. मी सामान उतरवायला गेलो होतो. मावशी दारातच होत्या. आक्का उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या, वळकटी डोक्यावर तशीच. मावशींनी आतून तांब्या आणला आणि म्हणाल्या, "बस बाई आदी. पाणी घे." आक्का वळकटी उतरवून बसल्या. तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं आणि आण्णांना म्हणाल्या, "वळकटी सोडा."

शेजारचं घर पुढच्या उन्हाळ्यात विकायला निघालं. ते आण्णांना मावशींनीच सांगितलं. भिंतीला भिंत, कसला शेजार येतोय याची त्यांना काळजी लागली होती. "तुझ्याकडं फंड हाय न्हवं? तूच घे. निदान राकेलचा वास ओळखीचा हाय." आण्णांनी त्या घराच्या सगळ्या भिंतींवर टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाले, "लाईन क्लियर."

सगळ्यांना वाटलं आता दोघं तिकडं राहायला जाणार. मलाही वाटलं. आण्णांनी मला बोलावलं ते दारावर लावायची पाटी छापायला. मी मजकूर लिहून नेला. चांगला लांब होता. त्यात समता होती, मानवता होती, आणि जातीची चौकशी करणाऱ्या घरमालकांचा निषेध होता. आण्णांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याच पेनानं एकेक ओळ खोडत गेले. उरलं ते हे: खोली आहे. आत या.

"एवढंच?"

"दमून आल्याला माणूस किती वाचणार?"

"आणि तुम्ही? तुम्ही स्वतःच्या घरात राहणार नाही?"

आण्णांनी मावशींच्या घराकडं बघितलं. आत मावशी आणि आक्का भाकरी कुणाची चांगली यावरून भांडत होत्या. दोघींचा आवाज चढलेला होता.

"इथं आमाला दिली हाय रं खोली," आण्णा म्हणाले. "दिल्याली खोली सोडून कोण जातंय?"

मी परवा गडहिंग्लजला जाऊन आलो. पाटी दारावरनं उतरवलेली होती, म्हणजे खोली गेली होती. आण्णा स्टँडकडं गेले होते. आक्का कट्ट्यावर शेवग्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या, भाडेकरूंच्या कट्ट्यावर. दारात दोन चपला होत्या आणि एक नवा स्टोव्ह.

"भाडेकरू आले वाटतं, आक्का. कोण आहेत?"

"नवरा बायको हायत."

"कुठले? नाव काय?"

आक्कांनी शेंग मोडली आणि थोडा वेळ आठवायचा प्रयत्न केला.

"ते काय इचारलं न्हाय बाबा," त्या म्हणाल्या. "लई दमून आलती. पाणी दिलं."